झोपू द्या त्यांना

गाईगाईकाकूंच्या पाळणाघरात आलेलं मूल दुपारी झोपलं नाही, असं क्वचितच व्हायचं. काकूंचं खरं नाव मुलांच्या आईबापांनाही धड ठाऊक नव्हतं. पोरं गाईगाईकाकू म्हणायची, म्हणून मोठी माणसंही तसंच म्हणू लागली, आणि पुढे पुढे गॅसवाला, वाणी, शेजारचा दातांचा डॉक्टर हेही त्याच नावाने हाक मारू लागले. दोन खोल्यांचं ते पाळणाघर. पुढच्या खोलीत खेळणी आणि सांडलवंड, मागच्या खोलीत ओळीने अंथरलेल्या छोट्या गाद्या आणि खिडक्यांना जाड पडदे. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचं काम काकू कुणावर सोपवत नसत. जेवणं उरकली की घरातला मिक्सर बंद, फोन मुका, नळ बारीक. कुरिअरवाल्याने एकदा भर दुपारी बेल वाजवली तेव्हा त्यांनी त्याला असं काही फैलावर घेतलं की पुढे तो दाराशी उभा राहून नुसता खाकरायचा.

काकूंकडे गोष्टींचा साठा नव्हता आणि गाण्याचा गळा तर देवाने दिलाच नव्हता. त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवायच्या आणि त्याच्या श्वासाला आपला श्वास जुळवायच्या. मूल रडून धापा टाकत असलं तर त्याही तशाच भरभर श्वास घ्यायच्या. मग आपला श्वास जरा लांबवायचा, अजून जरा लांबवायचा, की मूल नकळत मागोमाग येई आणि थोड्या वेळात त्याची मूठ सैल पडे. कुणी विचारलं तर त्यांना हे असं सांगताही आलं नसतं. "थोपटते आणि काय," एवढंच त्या म्हणाल्या असत्या.

पाळणाघराचा नियम एकच. झोपलेल्याला उठवायचं नाही. एखादी आई कामावरून लवकर सुटून आली आणि तिचं लेकरू गाढ झोपलेलं असलं, तर त्या माउलीला बाहेर पायरीवर बसून राहावं लागे. एका आईने फारच कुरकुर केली तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "घराला आग लागली तर उचलून बाहेर नेईन, पण तेव्हासुद्धा उठवणार नाही." ती बाई हसली होती. काकू मुळीच हसल्या नव्हत्या.

आता एवढा नावलौकिक असलेल्या बाईच्या घरात तिचाच नवरा टक्क जागा, याला काय म्हणावं? नवरा फरशी मिस्त्री. उभा जन्म लोकांच्या घरात गुडघ्यांवर काढलेला. गुडघ्यांखाली घ्यायला रबराची गादी मिळते, पण ती वापरण्यात त्यांना कमीपणा वाटायचा. "फरशी बसवताना ती अंगाला कळली पाहिजे," असं म्हणायचे. फरशी कळली आणि गुडघे गेले. आधी उजवा, मग डावा. दिवसा कामाच्या नादात कसंबसं निभायचं, पण अंथरुणाला पाठ टेकली की गुडघे जागे व्हायचे. उशी खाली घेऊन पाहा, दोन घेऊन पाहा, कुशीवर वळून पाहा, शेवटी उठून पलंगाच्या कडेला बसा. घरात मलमाचा वास कायमचा मुक्कामाला. तेलं झाली, पट्टे झाले, शेकाच्या पिशव्या झाल्या, गुडघ्यात सुया टोचून घेऊन झाल्या.

काकू त्यांच्याही पाठीवर हात ठेवून पाहायच्या. श्वास जुळवायच्या, लांबवायच्या. मिस्त्रींचा श्वास काही मागे यायचा नाही. उलट ते म्हणायचे, "हात काढ गं, उकडतंय." कधी चेष्टेवर यायचे. "गावभरच्या पोरांना झोपवतेस आणि घरच्या नवऱ्यापुढे हात टेकतेस." काकू हसून घ्यायच्या, पण ते त्यांना लागायचं. आपल्याला एकच गोष्ट चांगली जमते आणि ती या एका माणसाच्या कामी येत नाही, हे त्यांच्या मनाला कायम टोचत राहिलं. दुपारी मागच्या खोलीत सगळी पोरं ओळीने निजली की त्या कधीकधी त्यांच्याकडे पाहत बसायच्या आणि त्यांना वाटायचं, यातली एक तास झोप काढून नवऱ्याला देता आली असती तर.

गुडघा बदलायचं ठरलं ते लेकीच्या हट्टाने. मिस्त्री आधी तयार नव्हते. "मी लोकांच्या फरश्या बदलतो, माझे गुडघे बदलून घ्यायला मी काय गिऱ्हाईक आहे?" लेक बापाच्या वरताण. तिने दवाखाना शोधला, तारीख घेतली आणि मग बापाला सांगितलं. एका वेळी एकच गुडघा, आधी उजवा. काकूंनी पाळणाघराला सुट्टी दिली आणि पाण्याची बाटली, पंचा, नवऱ्याचा चष्मा अशी पिशवी भरली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई खोलीत आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. पलंगाच्या कडेवरच बसल्या.

"काका, तुम्हाला पूर्ण झोपवणार नाही आपण. पाठीच्या कण्यात एक सुई देणार. कंबरेखालचं सगळं बधिर. त्याच सुईतून अगदी थोडं मॉर्फिन सोडणार. त्यामुळे बधिरपणा गेला तरी दुखणार नाही. जवळजवळ चोवीस तास."

"चोवीस तास दुखणार नाही?" मिस्त्रींनी काकूंकडे पाहिलं. "हे आधी का नाही दिलं कुणी?"

"घरी घ्यायचं औषध नाही ते. त्याचा त्रासही असतो. अंगाला खाज सुटेल, नाकाला जास्त. मळमळेल. लघवी अडकते म्हणून नळी घालू. आणि एक महत्त्वाचं." डॉक्टरीणबाई आता काकूंकडे वळल्या. "हे औषध श्वास मंद करू शकतं. लगेच नाही, काही तासांनी. कमी जणांना होतं, पण होतं. म्हणून बोटाला क्लिप लावणार, नाकाला ऑक्सिजन. आणि सिस्टर तासातासाला येऊन यांना उठवणार, बोलतं करणार. वैतागायचं नाही. उठवू द्यायचं."

"मला कशाला उठवायला लागतंय," मिस्त्री म्हणाले. "मी जागाच असतो."

"झोपेत घोरता का?"

याला उत्तर दिलं काकूंनी. "घोरायला आधी झोप लागावी लागते हो, डॉक्टर."

सगळे हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या, आणि त्या हसण्यात तो प्रश्न मागे पडला. खरं म्हणजे मिस्त्री टीव्हीसमोर खुर्चीत बसल्याबसल्या पेंगायचे तेव्हा चांगले दणदणीत घोरायचे, आणि मधूनच घोरणं तुटून घशात काहीतरी अडकल्यासारखे दचकून जागे व्हायचे. काकूंच्या लेखी ती झोप नव्हतीच. झोप म्हणजे अंथरुणातली. म्हणून त्यांना ते त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच मिस्त्रींना आत नेलं आणि दुपार व्हायच्या आत बाहेर आणलं. चाकाच्या गाडीवरून येताना त्यांचं लक्ष खाली. "या वळणावर लेव्हल गेलीय तुमची, गाडी हादरली बघा," असं ते गाडी ढकलणाऱ्याला सांगत होते. खोलीत आल्यावर त्यांनी विचारलं, "माझे पाय दोन्ही आणलेत ना? मला एकही सापडत नाहीये." लेक हसत सुटली. काकूंचा जीव भांड्यात पडला.

मग नर्स आली. अंगाने किरकोळ, चालायला चपळ, आणि तिच्या बुटांचा करकर आवाज व्हायचा. तिने मिस्त्रींच्या तर्जनीला क्लिप लावली. यंत्रावर आकडा येईना, नुसत्या रेघा आणि टूंटूं. मधलं बोट घेतलं, तेच. अंगठा, तेच. मिस्त्रींची नखं सिमेंट आणि चिकटवायच्या मसाल्याने वर्षानुवर्षं राठ झालेली, जाड, पिवळी पडलेली.

"काका, ही नखं आहेत की फरश्या?" नर्स म्हणाली. मग यंत्रच बिघडलंय का पाहायला तिने क्लिप काकूंच्या बोटाला लावली. लगेच अठ्ठ्याण्णव. "बघा, यंत्र ठणठणीत आहे. घोळ नखांचा आहे." शेवटी डाव्या करंगळीवर कुठे आकडा आला. तिने वरून चिकटपट्टी लावली. "निसटलं की बोंबलतं ते. घाबरू नका, नीट बसवा आणि मला सांगा."

जेवणाच्या वेळेपर्यंत मिस्त्रींच्या पायाची बोटं हलायला लागली. बधिरपणा उतरला. काकू त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, आता कळ येईल, मग येईल. मिस्त्रींनी पाय जरासा उचलून पाहिला. गुडघ्याला एवढं मोठं बँडेज, आत लोखंड बसवलेलं, आणि त्यांचा चेहरा मात्र कोरा. ते काकूंकडे पाहत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, दुखत नाहीये," ते म्हणाले. "कुठेच दुखत नाहीये. डावासुद्धा गप्प आहे."

काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी उठून उगाच पडदा सारखा केला. हा चेहरा त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाहिला होता. मग तो हळूहळू आक्रसत गेला आणि त्या आक्रसलेल्या चेहऱ्याचीच त्यांना सवय झाली होती. त्यांनी मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंना लाख आशीर्वाद दिले.

खाज मात्र सुटली, सांगितली होती तशीच. मिस्त्री नाक चोळून चोळून बेजार. नाकातली ऑक्सिजनची नळी ते चष्म्यासारखी कपाळावर सरकवायचे. नर्सने दोनदा खाली ओढून बसवली. "काका, नाव सांगा तुमचं," असं ती दर खेपेला विचारायची, आणि मिस्त्री दर खेपेला नवीन नाव सांगायचे. एकदा तर त्यांनी सासऱ्यांचं नाव सांगितलं. काकू ओल्या पंचाने त्यांचं नाक पुसत बसल्या. लेक डबा आणायला आणि अंघोळ करून यायला घरी गेली.

लेक गेल्यावर थोड्याच वेळात मिस्त्री झोपले. बोलता बोलता. "पुढच्या महिन्यात ती शाळेची फरशी..." एवढं म्हणाले आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचा जबडा सैल पडला. नळी कपाळावर होती. काकूंनी ती हातात घेतली आणि परत तशीच ठेवली, कारण नाकाला हात लागला असता तर ते जागे झाले असते. मग घोरणं सुरू झालं. लांबलचक, भरघोस. काकू खुर्चीत मागे टेकून ते ऐकत राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस पाठीवर उताणा, पाय सरळ सोडून, कपाळाला एक आठी नसलेला असा झोपला होता.

करकर बूट वाजवत नर्स आली. काकूंनी लांबूनच ओठांवर बोट ठेवलं.

"काकू, उठवायला हवं."

"आत्ताच बोलले माझ्याशी," काकू म्हणाल्या. हे खोटं होतं, आणि त्यांना ते खोटं वाटलंही नाही. पाळणाघरात आया लवकर आल्या की असं बोलायची त्यांना सवयच होती. "झोपू द्या हो त्यांना. किती वर्षांनी लागलीय. तुम्हाला नाही कळायचं."

"पण मॅडमनी सांगितलंय..."

"मी बसलेय ना उशाशी. झोपलेल्या माणसावर लक्ष ठेवण्यात माझा जन्म गेलाय, बाळा."

नर्सने यंत्राकडे पाहिलं. त्र्याण्णव. वाईट नव्हतं, फार चांगलंही नव्हतं. ती एक पाऊल पुढे आली, पण तेवढ्यात पलीकडच्या खोलीतली घंटा वाजली आणि कुणीतरी ओकत असल्याचा आवाज आला. "पाच मिनिटांत येते, मग उठवतेच," असं म्हणून ती धावली. ओकणाऱ्याची चादर बदलणं, त्याला पुसणं, डॉक्टरांना फोन करणं, यात पाच मिनिटांचं काय होतं ते ज्याने दवाखाना पाहिलाय त्याला सांगायला नको.

ती गेली आणि यंत्र ओरडायला लागलं. काकू दचकल्या. मिस्त्रींच्या भुवया हलल्या. काकूंनी घाईघाईने करंगळीवरची क्लिप दाबून बसवली. आकडा अठ्ठ्याऐंशी होता, मग शहाऐंशी. टूंटूं चालूच. नखांचा घोळ, त्यांच्या मनात आलं. दुसरं काही मनात आलंच नाही. चिकटपट्टी सोडवून त्यांनी क्लिप वेगळ्या बोटाला लावून पाहिली, तर रेघा आणि आणखी मोठा आवाज. यंत्राला बटणं पुष्कळ होती, पण कुठलं दाबायचं हे ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी मान वळवली. आता उठणार. एवढी झोप, आणि एका डबड्यापायी मोडणार.

काकूंनी क्लिप काढली आणि स्वतःच्या बोटाला लावली. अठ्ठ्याण्णव. यंत्र गप्प झालं.

काकूंना हुश्श वाटलं. झोप पुरी होईपर्यंतच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, मग परत लावू. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दुसरा हात मिस्त्रींच्या छातीवर ठेवला. इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते आता आयतं समोर होतं. त्यांनी आपला श्वास त्यांच्या श्वासाला जुळवला. या खेपेला काही करावंच लागत नव्हतं, उलट मिस्त्रीच पुढे आणि काकू मागे. त्यांचा श्वास इतका संथ होता की काकूंना आपला रोखून धरावा लागे. एक श्वास सोडला की पुढच्याची वाट पाहायची. वाट पाहायची. काकूंना धाप लागली, त्यांनी आपला श्वास मधेच घेऊन टाकला, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने मिस्त्रींची छाती हलली.

इथे कुणालाही वाटेल की आता तरी या बाईच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. पण मन लावून ऐकलेली गोष्टसुद्धा आनंदापुढे टिकत नाही. काकूंना त्या क्षणी एवढंच कळत होतं की आपला नवरा झोपलाय. घोरणंही थांबलं तेव्हा त्यांना अधिकच बरं वाटलं. पोरांचं तसंच असतं, आधी घुरघुर, आणि झोप मुरली की शांत.

त्यांच्या बोटावर यंत्राचा बारीक लाल उजेड होता आणि बाहेर ऊन उतरणीला लागलं होतं.

दार ढकललं गेलं. करकर. नर्स आत आली ती आधी यंत्राकडे पाहतच. अठ्ठ्याण्णव दिसल्यावर तिचे खांदे सैल झाले. काकूंनी कपाळाला आठी घालून ओठांवर बोट ठेवलं. गप्प.

त्या बोटावर क्लिप होती.

नर्स एक क्षण तशीच उभी राहिली. मग तिने हातातला ट्रे टाकलाच. "काका! ओ काका!" तिने खांदे गदागदा हलवले, छातीच्या मधोमध मूठ दाबून चोळली. "काका, डोळे उघडा!" मिस्त्रींची मान जिकडे हलवावी तिकडे जात होती. ओठ काळसर निळे पडले होते. हे काकूंना आत्ता दिसलं. इतका वेळ त्या याच तोंडाकडे पाहत होत्या आणि त्यांना हे आत्ता दिसलं.

नर्सने भिंतीवरचं बटण दाबलं आणि दाराकडे तोंड करून ओरडली. माणसं आली. उशी काढून फेकली, पलंग भिंतीपासून ओढला, मिस्त्रींच्या तोंडावर मुखवटा दाबून कुणीतरी रबरी फुगा पिळायला लागलं. काकूंना कुणीतरी बाजूला ढकललं. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. करण्यासारखं काही नव्हतं, सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांना कुणी काही विचारतही नव्हतं. "अहो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. "अहो, अहो."

डॉक्टरीणबाई धावत आल्या. डोक्यावरची हिरवी टोपी तशीच. "आकडा तर अठ्ठ्याण्णव दाखवतंय!"

"तो काकूंचा आहे, मॅडम," नर्स म्हणाली.

क्लिप अजून काकूंच्याच बोटावर होती. ती काढायची त्यांना शुद्ध नव्हती. यंत्र त्यांची नाडी मोजत होतं, टिकटिक टिकटिक, वेगाने, आणखी वेगाने, आणि सगळ्या खोलीला त्यांच्या छातीतली धडधड ऐकू जात होती. कुणीतरी पुढे होऊन ती त्यांच्या बोटावरून ओढून काढली.

"उतारा द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मिस्त्रींच्या हाताला लावलेल्या सलाईनच्या सुईतून औषध गेलं. फुगा पिळणं चालू होतं. पुन्हा थोडं औषध. काकू छातीकडे पाहत होत्या. ती वर यायची ती फुग्याने यायची. मग एकदा ती फुगा पिळायच्या आधीच वर आली. मग पुन्हा. मिस्त्रींनी मुखवट्याखाली मोठ्याने श्वास ओढला, डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं.

आणि मग त्यांनी किंकाळी फोडली.

असा आवाज काकूंनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. गुडघ्यावर फरशी पडली होती तेव्हाही नाही. ते बँडेजकडे हात न्यायला बघत होते आणि दोघंजण त्यांचे हात धरून होते. "पाय! अरे पाय! काय केलंत रे!"

"दुखतंय त्यांना," काकू म्हणाल्या. "डॉक्टर, त्यांना दुखतंय. मघाशी तर दुखत नव्हतं."

"ओरडू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कपाळावरचा घाम बाहीला पुसला. "ओरडतायत म्हणजे श्वास घेतायत."

सगळं जरा निवळल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं. उताऱ्याचं औषध मॉर्फिन उतरवतं, पण फक्त श्वासापुरतं उतरव आणि दुखणं राहू दे, असं त्याला सांगता येत नाही. यांना जास्तच द्यावं लागलं, म्हणून श्वास परत आला आणि त्याच्याबरोबर दुखणंही आलं. साधी औषधं चालू केलीयत, ती पुरणार नाहीत. जरा स्थिर झाले की मांडीत इंजेक्शन देऊन बधिर करता येतं का पाहू, पण आत्ता नाही. शिवाय उतारा लवकर संपतो आणि पाठीत गेलेलं मॉर्फिन उद्यापर्यंत तिथेच राहणार. पुन्हा गुंगी येऊ शकते. उतारा थेंबाथेंबाने चालू ठेवलाय, सिस्टर इथून हलणार नाही.

"आणि तुम्ही त्यांना हाका मारत राहायचं. तुमच्या हाकेला ते ओ देतात. डोळे मिटू द्यायचे नाहीत."

काकू मान डोलवत होत्या. मग डॉक्टरीणबाई नर्सकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज उतरला, पण खोली लहान होती. तासाला उठवायचं म्हणजे उठवायचं. नातेवाईक काहीही म्हणोत. कशासाठी ठेवलंय तुला?

"मीच नाही उठवू दिलं," काकू मधे पडल्या. "तिची चूक नाही. ती उठवत होती. मीच खोटं बोलले."

"तुम्ही तुमच्या जागी बरोबर असाल हो काकू. पण सिस्टर ती आहे." डॉक्टरीणबाई गेल्या. नर्स खाली पडलेला ट्रे उचलत होती, आणि काकूंकडे न बघता तिने डोळे पुसले. काकूंना तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण हात पुढे झाला नाही. आपला हात कुठे ठेवावा याचीच त्यांना आता भीती वाटत होती.

त्या पलंगापाशी बसल्या. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी लोखंडी कठडा घट्ट धरला होता. घाम कानामागून उशीवर ठिबकत होता. कळ आली की ते दात आवळायचे, आणि ती सरली की लगेच त्यांच्या पापण्या जड व्हायच्या.

"अहो."

"काय गं."

"जागे राहा."

"थांबवा की हे कुणीतरी," ते म्हणाले. मग कण्हले. "तुला थांबवता येत नाही का?"

"नाही हो."

लेकीला कळवायला हवं होतं. ती डबा घेऊन येत असेल, हसत येईल. फोन पिशवीत होता आणि पिशवी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि काकूंची तिथपर्यंत जायची हिंमत नव्हती. तेवढ्यात यांनी डोळे मिटले तर?

"दुपारी काय झोप लागली होती गं," मिस्त्री म्हणाले. ते छताकडे पाहत होते. "तुला काय सांगू. नुसतं अंग हलकं. सगळं दुखणं कुणीतरी बाजूला काढून ठेवलेलं. तशी झोप जन्मात लागली नव्हती." कळ आली, गेली. "कुणी उठवलं मला?"

काकूंनी नर्सकडे पाहिलं. ती यंत्राशी पाठमोरी उभी होती.

"सिस्टरने," काकू म्हणाल्या.

"आणि तू कुठे गेली होतीस?"

"इथेच होते."

"मग उठवू कसं दिलंस? तू तर पोरांच्या आयांनाही उठवू देत नाहीस." त्यांचा आवाज लहान मुलासारखा तक्रारीचा झाला होता. "तिला थांबवायचं नाही का?"

"थांबवलं होतं मी," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी कठड्यावरचा हात सोडला आणि चाचपडत काकूंचा हात शोधला. "थांबवलं होतंस ना? मग तुझा काय दोष," ते म्हणाले. त्यांनी तो हात थोपटला. थोपटता थोपटता त्यांची बोटं थांबली आणि डोळे मिटायला लागले.

"अहो!"

"दोन मिनिटं गं. दोनच मिनिटं पडू दे."

"नाही," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला, ते कळवळतील एवढ्या जोराने.